‘न आलेला मुऱ्हाळी’ या नाटकाच्या मालकीबाबत

आमच्या नाटक मंडळीचा जुना नट नबी रसूल शिंपी सिरसाळ्यास वारला आणि मला ते पाच महिन्यांनी कळले, म्हणून हे मृत्युपत्र लिहिणे भाग पडले. विधवेची इद्दत, चार महिने दहा दिवस, संपल्यावर त्याची बायको सायराबी परवा माझ्या दारी आली आणि कापडात गुंडाळलेली एक वही तिने पुढे ठेवली. "ते म्हनायचे, ही नक्कल बाईसायबांची हाय, आपली न्हाई. मरायच्या आदी दोनदा बोल्ले." मागितले काही नाही.

मी द्वारकाबाई उत्तरेश्वर मानूरकर, वय साठ, राहणार बीड, पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षे शिकलेली, बालाघाट नाटक मंडळीची सतरा वर्षे लेखिका व तालीममास्तर. डॉक्टर म्हणतात, हृदय थकले आहे. डोके थकलेले नाही. हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. कोणाचे ऐकून मी आजवर काहीच केले नाही. त्याचे फळ कलम चारमध्ये आहे.

कलम १. राहते घर माझ्या कमाईचे आहे. मंडळीची सतरा वर्षे भाकरी थापणारी केसरबाई त्यात हयातभर राहील. तिला 'नीघ' म्हणण्याचा अधिकार कोणास नाही. तिच्या पश्चात घर सायराबीचे.

कलम २. पुतण्या विठ्ठलराव यास नाटकातला राजवाड्याचा पडदा द्यावा. त्यापुढे बसले की आपण जहागीरदार आहोत असे त्याला वाटते, तर वाटू दे. वह्यांना त्याने हात लावू नये. माझी पहिली तीन नाटके पतीच्या नावाने लागली, कारण बाईच्या नावावर तिकीट खपत नाही असे विठ्ठलरावाच्या वडिलांनी ठरवले होते. पती गेल्यावर चौथ्या नाटकाच्या जाहिरातीत मी स्वतःचे नाव छापले. तेव्हा हा म्हणाला, "काकू, चुलत्याचं नाव पुसता कावून?" मी म्हटले, "त्यांचं पुसत नाही, माझं परत घेते."

कलम ३. पायपेटी प्रॉम्प्टर शहादेव यास. विंगेतल्या कंदिलाशी माझे अक्षर वाचून त्याने डोळे घालवले. तक्रार मात्र केसरबाईच्या आमटीचीच केली.

कलम ४. 'न आलेला मुऱ्हाळी' हे माझे चौथे नाटक. सासरी खितपत पडलेल्या वच्छीला माहेरी न्यायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून यायचा असतो, तो येत नाही. वच्छीचे काम नबी करी. लुगडी तोच शिवून-टाचून नीट ठेवी. पूर्ण नाटक फक्त माझ्याजवळ असे. प्रत्येक नटाला त्याच्या भाषणांपुरती नक्कल मिळे आणि नियम एकच होता: नकलेबाहेर शब्द नाही.

मी लिहिलेला शेवट असा होता: वच्छी म्हणते, "माझे माहेर संपले," आणि पडदा पडतो. नारायणगडच्या जत्रेत नबी ते वाक्य बोललाच नाही. सासूकडे वळून म्हणाला, "आत्याबाई, भाकर झाकून ठेवा. तो रस्ता चुकणाऱ्यांतला आहे, न येणाऱ्यांतला नाही." बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू आले. पडदा पडताच मी त्याला विंगेत गाठले.

"माझ्या नाटकात तुझी भाकर कोणी मागितली होती?"

"म्या लई दाबलं, बाईसाहेब. वच्छी गप्पच बसंना."

असे तीन खेळांत झाले. तिसऱ्या खेळानंतर सगळ्या मंडळीसमोर मी म्हटले, "लुगडे सोड आणि चालता हो." त्याने लुगडे सोडले, घडी घातली, पेटीवर ठेवले आणि तो गेला. बारा वर्षे मंडळीत असलेला नट. मी त्याच्या पाठीकडेही पाहिले नाही.

पुढच्या नटाच्या नकलेत नबीचे ते भाकरीचे वाक्य मी माझ्या हाताने लिहिले. पुस्तकातही छापले. लोकांनी त्याच वाक्यासाठी माझा सत्कार केला, शाल पांघरवली. मी ती घेतली. आपले लेखन दुसऱ्याच्या नावाने लागते तेव्हा कसे वाटते, हे मला चांगले ठाऊक होते. तरी घेतली.

परवा सायराबी म्हणाली, "तुमचा खेळ सिरसाळ्याला आल्ता. आमी गेलतो. घरी येऊन हे हसत बसले. म्या म्हनलं, हसता कावून? तर म्हनले, वच्छीनं बाईसायबांचं आयकलं न्हाई."

त्या खेळाला मी विंगेत होते. तो पुढे बसला आहे हे मला कोणी सांगितले नाही. सांगितले असते तरी मी बाहेर गेले नसते, हेही इथे नोंदवते.

यापुढे या नाटकाच्या प्रत्येक जाहिरातीत व पुस्तकात लेखक म्हणून 'नबी रसूल शिंपी व द्वारकाबाई मानूरकर' अशी नावे याच क्रमाने यावीत. खेळ लावण्याची परवानगी सायराबीने द्यावी. विठ्ठलराव हरकत घेईल. ती त्याने राजवाड्याच्या पडद्यापुढे बसून घ्यावी.

मुक्काम बीड, ता. १० बहमन १३४४ फसली.
सही: द्वारकाबाई उत्तरेश्वर मानूरकर
साक्षीदार: शहादेव प्रॉम्प्टर, सत्तार मास्तर, उर्दू शाळा

सुपुर्दनामा, त्याच दिवशी

साक्षीदारांसमक्ष सायराबीस दिले: नाटकाची मूळ वही एक, नबीची नक्कल एक, तिची तिला परत.

मी वही देऊ लागले तेव्हा ती म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. शेवट येकदा बोलून दावा." मी बोलू लागले. "भाकर झाकून ठेवा" झाल्यावर तिने हात वर केला. "घरी बोलून दावताना इथं थांबायचे ते. दाराकडं बगायचे. मंग फुडचं."

तो तिथे थांबे हे खरे. विसरला, असे मी समजत असे.

शाई मागवून मूळ वहीत त्या जागी 'थांबणे. दाराकडे पाहणे.' असे लिहिले, वाळू दिले आणि मग वही तिच्या हाती दिली.

मिळाली: सायराबी, डाव्या हाताचा अंगठा.