ड्रुसिलाचं सुतक

बाथ, १७ एप्रिल १७७४
पोरीला लिहिलेलं पत्र परत आलं. हे अकरावं. लाखेची मोहर तशीच! वर नवऱ्याच्या अक्षरात एकच शब्द — "नको".

नवरा कसला आता! लॉर्ड विन्स्कोमनी पार्लमेंटातून कायदा करवून मला सोडलं. कॅप्टन कुठल्या जिन्याने यायचा, ते माझ्याच दासीने शपथेवर सांगितलं, आणि सगळे सरदार माना पुढे काढून ऐकत होते. पुढे कॅप्टन जहाजावर चढला तो गेलाच. तेलही गेलं, तूपही गेलं. चूक माझी, कबूल. पण पोरीने काय केलं होतं? तेव्हा सहा वर्षांची होती. कायद्याने मूल बापाचं.

३ मे
ड्रुसिलाला आज दहा पुरी झाली. उंच झाली असेल का?

९ मे
माझी जुनी स्वयंपाकीण टॅबिथा बाजारातून धापा टाकत आली. "बाईसाहेब, पोर इथे आलीय! आत्याबरोबर, कुंडावर!" मी तशीच धावले, डोक्यावर टोपीसुद्धा नव्हती.

गरम पाण्याच्या कुंडापाशी दिसली. उंच झालीय. नाक माझंच, बिचारी! पण नखशिखांत काळ्या कपड्यांत — हातमोजेसुद्धा काळे. आत्या विधवा, ती कायमच काळ्यात असते. पण पोर का? घरात कोणीतरी गेलंय. तोच! दुसरं आहे कोण त्या घरात? आणि मला कळवणार तरी कोण? इथल्या बायका मला पाहिलं की रस्ता ओलांडतात.

देवा, क्षमा कर, मला आनंद झाला. तसं बोलूनही दाखवलं. टॅबिथा म्हणाली, "असं बोलू नये बाईसाहेब, देव ऐकतो."

ऐकू दे! तो नसेल तर आत्याचे पाय धरीन, तिच्या दारात बसून राहीन. पण पोरीला घेऊन येईन.

१० मे
आज बागेत गाठलं तिला. आत्या लांब कुणाशी तरी बोलत होती. चार वर्षांत मी इतकी वाळलेय, पोरीने ओळखलं नाही. शिकवल्यासारखी गुडघे वाकवून अदबीने उभी राहिली.

"कोण गेलं गं तुझं, बाळ?"

"आई. परदेशात वारली. आत्या म्हणते, फार चांगली होती."

तोंडाशी आलेलं गिळलं. "फार वाईट झालं," एवढंच म्हणाले. टॅबिथाला सामान बांधायला सांगितलंय; पोरीला मी पुन्हा दिसायला नको.