लाखाचा स्वल्पविराम

शुक्रवार पेठ, सोलापूर

प्रिय अनिमेष,

हाताने लिहिलेलं पत्र बघून घाबरू नकोस. कुणी आजारी नाही. आजारी पडायला घरात आता मी एकटीच उरले आहे आणि मी ठणठणीत आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "हं, बोल" म्हणतोस आणि मागे कीबोर्डची टकटक चालूच असते. तिथे माझं बोलणं अडतं. म्हणून कागद घेतला.

तर बातमी अशी, की तुझी आई प्रोग्रॅमिंग शिकली. हसू नकोस. तू ज्या भाषेत काम करतोस ना, रस्ट, तीच. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, या वयात गंज आपोआप चढतो, त्यासाठी क्लास कशाला लावायचा? पण फी त्यांनीच भरली, आणि तुला सांगायचं नाही म्हटल्यावर शेवटपर्यंत सांगितलं नाही.

शिकले ती रागाने शिकले. मागच्या दिवाळीच्या आधी मी तुला विचारलं होतं, दिवसभर तू नक्की करतोस तरी काय रे? तू म्हणालास, "तुला नाही कळायचं, आई." तुझ्या आवाजात राग असता तरी चाललं असतं. कंटाळा होता. अर्ध्या पेठेला मी त्रिकोणमिती शिकवली. ज्यांच्यापुढे आईबापांनी हात टेकले होते अशी पोरं माझ्या हाताखालून पास होऊन गेली, आणि म्हणे मला नाही कळायचं! दुसऱ्या दिवशी भाजीला म्हणून निघाले ती थेट राजशेखरच्या क्लासमध्ये जाऊन बसले. तुझ्याच वर्गातला राजशेखर, चनबसप्पा कापडवाल्यांचा. त्याला वाटलं, मी कुणाच्या तरी ॲडमिशनचं विचारायला आले. स्वतःसाठी म्हटल्यावर तो जरा चाचरला. "शिकवतो की मॅडम, पण ही भाषा लई कडक हाय. आमची पोरंबी रडत्यात." म्हटलं, माझ्या तासाला तू रडायचास, आता माझी पाळी.

कडकच आहे ती. प्रोग्रॅम चालायच्या आधीच तिचा कंपायलर चुका काढतो, आणि आमच्या शाळेतल्या पर्यवेक्षकांहून खवट. प्रत्येक गोष्टीचा मालक एकच, बाकीच्यांनी ती उसनी घ्यायची, आणि मालक गेला की उसनं घेतलेलंही वापरायचं नाही. यातून संसाराचे अर्थ काढायचा मोह मलाही झाला, पण राहू दे. मी गणिताची बाई आहे, कीर्तनकार नाही.

मग राजशेखरनेच दाखवलं, की तू फावल्या वेळात जे लिहितोस ते सगळ्यांसाठी उघडं असतं. आकडे नीट छापणारी तुझी ती लायब्ररी, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येईल असा तयार कोड. मी ती रोजच्या पेपरसारखी वाचायला लागले. मला तू चार ओळी लिहीत नव्हतास, मग तू लिहिलेलं जे हाताला लागेल ते वाचायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि एक दिवस बघते तर काय, भारताची पद्धत निवडली तरी तुझी लायब्ररी लाखाचा स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांनी देते. साहेबी थाटात! अरे, शेवटचे तीन आणि मग दोन-दोन, हे तुला मी चौथीत भाकरी थापता थापता घोकून घेतलं होतं. म्युनिकला गेल्यावर लाख लिहायचासुद्धा विसरलास?

ती चूक मी दुरुस्त केली आणि तुला पाठवली. तिथे नाव लागतं. अनसूया लिहिलं असतं तर तू ओळखलं असतंस, म्हणून मी माझंच नाव घातलं, भार्गवी. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने अनसूया लिहिलं, त्याआधी माहेरी, दुधनीत, मी भार्गवी होते. माझे मामा गेल्यापासून त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. लग्नाआधीचं नाव तू मला कधी विचारलंच नाहीस, त्यामुळे लपवायचे काही कष्ट पडले नाहीत.

हो, ती भार्गवी मीच. जरा पाणी पी आणि पुढे वाच.

तुझं उत्तर त्याच दिवशी आलं. इंग्रजीत होतं, पण मला ते मराठीतच ऐकू आलं. आभार मानलेस. मग लिहिलंस, की हे चालतं आणि उत्तरही बरोबर येतं, पण या भाषेत मुरलेली माणसं असं लिहीत नाहीत. मी एकेका आकड्यावर बोट ठेवून मागून पुढे मोजत गेले होते. तू समजावलंस, की मोजत बसू नका, आकड्यांनाच एकामागून एक पुढे यायला सांगा, आणि उदाहरण करून दाखवलंस. पुढच्या खेपेला मी उसनं घ्यायचं सोडून जिथे तिथे प्रती काढून ठेवल्या होत्या, कंपायलरचा आरडाओरडा नको म्हणून. तू लिहिलंस, प्रत काढणं म्हणजे बहुतेक वेळा निर्णय टाळणं असतं, आधी मालक कोण ते ठरवा. आणखी एकदा लिहिलंस, की उत्तर मिळेलच असं धरून चालू नका, नाही मिळालं तर काय करायचं तेही लिहून ठेवा. किती सुंदर शिकवतोस रे तू. एकदाही चिडला नाहीस. तोच प्रश्न मी तीनदा विचारला तर तीनदा नव्याने सांगितलंस. पाणी यायच्या दिवशी भांडी भरायची सोडून मी तुझी उत्तरं वाचत बसायचे, आणि हंडे भरताना बाबा ओरडायचे, की तुझा परदेशातला सर लेकापेक्षा बरा आहे. त्यांना मी खरं काय ते सांगितलं नव्हतं. मला लाज वाटत होती. माझी नाही, तुझी.

चैत्रात बाबांना दुसरा झटका आला. हॉस्पिटलमधून मी फोन केला तेव्हा तू म्हणालास, रिलीज आहे, या आठवड्यात श्वास घ्यायलाही वेळ नाही, राजशेखरला सोबत घे. मी बरं म्हटलं. संध्याकाळी आयसीयूबाहेरच्या बाकावर बसले होते तर फोन वाजला. तू असशील म्हणून धडपडून उचलला. तूच होतास, पण निरोप भार्गवीला होता. तिच्या कोडमधल्या फंक्शनची नावं कशी असावीत यावर पानभर लिहिलं होतंस, दोन-तीन पर्यायांसकट. शेवटी लिहिलं होतंस, "घाई नाही, सवडीने करा." आत बाबांच्या छातीला वायरी लावल्या होत्या. त्या आठवड्यातच ते गेले.

तू दहाव्याला आलास, तेराव्यानंतर गेलास. माडीवर लॅपटॉप घेऊन बसायचास. मी खाली गुरुजींना काय हवं नको ते बघत होते आणि माझ्या कनवटीच्या फोनवर तुझा निरोप आला. उशिराबद्दल क्षमस्व, घरी थोडं काम निघालं. थोडं काम! तरी मी भार्गवी होऊन विचारलं, की सगळं ठीक ना? तेव्हा तू लिहिलंस, "वडील गेले. आई खाली आहे. तिच्याशी काय बोलायचं ते कळत नाही, म्हणून इथे काम करत बसलोय." मी जिन्याखाली उभी राहून ते वाचलं. मग चहा केला आणि वर घेऊन आले. तू लॅपटॉप मिटलास आणि म्हणालास, "बरी आहेस ना?" मी म्हटलं, बरी आहे. तू चहा प्यायलास, मी कप घेऊन खाली आले. धड बावीस पायऱ्याही नाहीत रे त्या जिन्याला, साधा लाकडी जिना आहे आपला, तेवढा उतरून तुला खाली येता आलं नाही.

मला राग आहे, अनिमेष. तू वेळेवर आला नाहीस म्हणून नाही. कामं असतात, मला कळतं. तुला बोलता येत नाही असं समजून मी इतकी वर्षं तुझी बाजू घेतली, बाबांशी भांडले. आणि तुला तर येतं! धीराने येतं, मायेने येतं, समोरच्याची प्रत्येक ओळ वाचून येतं. फक्त समोर मी नसले पाहिजे. बाबांना यातलं कळलं नाही याचं मला बरं वाटतं.

भार्गवीचं काम तू घेतलंस. आता तुझ्या लायब्ररीत लाख लाखासारखा छापला जातो. तिचा कोड आता न सुधारता जसाच्या तसा घेता येतो, असं परवा तूच लिहिलंस. त्याच पत्रात तिला लायब्ररीची जोडीने जबाबदारी घ्याल का विचारलंस, आणि शनिवारी संध्याकाळी व्हिडिओवर भेटायचं ठरवलंस. इतक्या दिवसांत कुणाशी इतकं मोकळं बोललो नाही, एकदा चेहरा तरी बघू द्या, असं लिहिलंस. मी ते खूपदा वाचलं. गप्प राहिले तर तुझी पत्रं येत राहतील आणि सांगितलं तर बंद होतील, हे मला कळतं. तरी लिहिते आहे, कारण तुझा कोरडा फोन सोसला, पण दुसऱ्या बाईच्या नावावर येणारी तुझी माया मला यापुढे सोसायची नाही. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे. ते पोचेपर्यंत शनिवार होऊन गेलेला असेल. तू कॅमेरा लावून बसला असशील आणि भार्गवी आली नसेल. तू तिची किती वेळ वाट बघितलीस, तेवढं मला फोन करून सांग.

तुझीच,
आई