तंबोऱ्याचे भोपळे

अब्बा, नवीन वर्ष लागलं आणि पहिल्याच सकाळी तुमच्या दुकानात भांडण झालं. भांडणारी मीच होते, हे वेगळं सांगायला नको. तुमच्यामागे मिरजेतलं हे तंबोऱ्याचं काम मी चालवते, हे तुम्हाला कितपत रुचलं असतं कुणास ठाऊक. भोपळे अजूनही छताला टांगून वाळवतो, पण तुमच्या वेळी वर पाहिलं की छत दिसायचं नाही. आता भोपळ्यांच्या मधून पत्रा दिसतो आणि माझं डोकं फिरतं.

तुमच्या त्या भोपळेवाल्या शेतकऱ्याचा मुलगा आता शेत बघतो. तो सकाळच्या एसटीनं आला, बाकावर टेकला आणि चहा यायच्या आधीच म्हणाला, "आपा, आवंदा भोपळा न्हाई लावत. फळ धरलं की पाऊस कोसळतोय, न्हाईतर ऊन असं की येल करपून जातोय. गेल्या वर्सी बुडं कुजली सगळी. ऊस लावतो आता." माझा मुलगा कराडहून सुट्टीला आलाय, इंजिनिअर होतोय. त्याला तेवढंच हवं होतं. "अम्मी, फायबरचे भोपळे घेऊ. हवामान बदललंय, ते काय आपल्या हातात आहे?" मी म्हटलं, "ज्या तेलाच्या धुरानं हवा तापली, त्याच तेलापासून बनलेल्या फायबरचा भोपळा करून त्यावर तारा चढवायच्या? लाज वाटते का?" चुकीचं काही तो बोलत नव्हता, पण हल्ली जो तो असंच बोलतो. टीव्हीवर बोलतात, लग्नात पंक्तीला बसले तरी बोलतात, की आता सगळं हाताबाहेर गेलं. आणि मग निवांत जिलबी खातात. मला त्या निवांतपणाचा राग येतो. हरायचंच असेल तर निदान दमून तरी हरा.

मला दुष्काळाचं ते वर्ष आठवतं. मी परकर नेसणारी पोर. तुमचा तो शेतकरी पोतं घेऊन दारात उभा आहे, आणि पोत्यातून निघतात नारळाएवढे भोपळे. त्याला वर बघवत नाही. मी फिदीफिदी हसते आणि तुम्ही माझ्याकडे असं बघता की मी तोंडावर हात धरते. "हसू नगं. येलाला पानी मिळालं न्हाई, तरी फळ धरलंय त्यानं," असं म्हणून तुम्ही सगळं पोतं ठेवून घेता. त्या भोपळ्यांचे तुम्ही लहान मुलांचे तंबोरे केलेत, त्यातला एक मला दिलात. त्याचा आवाज चिमणा होता, पण सुरात होता. मी तो इतका वाजवला की अम्मी वैतागून शेजारी जाऊन बसायची.

तर मी त्या शेतकऱ्याच्या मुलाला उठू दिलं नाही. मांडवावर वेल चढवला तर फळ लांबट होतं, ते तंबोऱ्याला चालत नाही. फळ जमिनीवरच बसायला हवं. मग वाफे उंच करू म्हटलं, पाणी जायला चर काढू, एकेका फळाखाली उसाचं पाचट घालू. चर खणायला मी येते, हा इंजिनिअरही येईल. पोरानं कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाला नाही. शेतकऱ्याचा मुलगा हसला. "आपा, लय हट्टी हाय तुमी. आन एवढं करून परत पावसानं नेलं तर?"

"तर परत लावू."

"आवं, पर भोपळा येईल का खरंच? तुमाला काय वाटतं, ते सांगा."

"येणार," मी म्हटलं. ठासून म्हटलं. त्यानं कपातला चहा संपवला. मग म्हणाला, नदीकडचा तुकडा उसाला देतो, वरचा भोपळ्याला ठेवतो. भोपळे कापताना काढून ठेवलेलं बी मी त्याच्या उपरण्यात बांधून दिलं, तुम्ही त्याच्या बापाला द्यायचात तसंच.

हे पत्र पाठवायचं कुठे? आणि पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. तुम्ही कधी कुणाला खोटा भरवसा दिला नाहीत. मी त्याला "येणार" म्हटलं तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं, अब्बा. अजूनही नाही.