जप्त जहाजावरचा भंडारी

मुंबई,
ता. १२ नोव्हेंबर १९७२

ती. चांगुणा अक्का आणि दाजी यांना लिंबाजीचा सविनय जयभीम.

पत्र दाजी वाचून दाखवतील, म्हणून अक्षर मोठं काढून राहिलो. मी इथं खुशाल आहे. तिकडं पाऊस गेला तो गेलाच, हे पेपरातही येतंय. अक्का, तू खडीच्या कामावर जातेस आणि तिथं मिळालेली सुकडी न खाता पोरांसाठी पदरात बांधून आणतेस, असं दाजींनी लिहिलंय. तसं करू नकोस. दगड फोडणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी पाहिजे.

तू विचारलं होतंस, बोटीवरची नोकरी म्हणजे बुडायची भीती असते का. न्हाई. माझी बोट हलतच नाही. गेल्या वर्षीच्या लढाईत आपल्या आरमारानं पाकिस्तानची काही मालवाहू जहाजं पकडली, त्यातलं हे एक, ‘नूर-ए-साहिल’. तोफा नाहीत, बंदुका नाहीत; चहाची खोकी आणि ताग घेऊन चाललेलं साधं व्यापारी जहाज. पकडलं म्हणजे लगेच सरकारचं होत नाही. आधी कोर्टात जहाजावर खटला चालतो. ते शत्रूचंच होतं हे शाबीत झालं, की मग सरकारजमा. तोवर ते जसं धरलं तसं राखायचं, हे आमच्या खात्याचं काम. सकाळी कोठारांची सिलं तपासायची, तळात साचलेलं पाणी पंपानं उपसायचं, गंजू नये म्हणून इंजिन मधून मधून फिरवायचं, उंदरांचा बंदोबस्त करायचा. कैदेत गेलेल्या माणसाच्या घरात आपण दिवाबत्ती करत राहावी, तसं मला कधी कधी वाटतं.

जहाजावरची बहुतेक माणसं किनाऱ्यावरच्या छावणीत आहेत. यंत्र चालवायला आणि चूल पेटवायला थोडी माणसं वर ठेवलीत, पोलीस पहाऱ्यात. त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचं असा हुकूम आहे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. दाजी, हे जरा हळू आवाजात वाचा.

मागच्या आठवड्यात मी जहाजाच्या स्वयंपाकघराशी पाण्याची टाकी बघायला गेलो आणि पाय सटकला. तोंडातून निघून गेलं, “लई घसरडं करून ठेवलंय की.” आत कांदा चिरत बसलेला माणूस थांबला. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात, तो हा. मान न उचलता त्यानं विचारलं, “तुम्ही लातूरकडचे का हो?”

मी टाकीचं झाकण उघडून आत बघत राहिलो. पहाऱ्यावरचा पोलीस मलप्पा जवळच होता. दुसऱ्या दिवशी मात्र मीच काहीतरी निमित्त काढून गेलो.

त्याचं नाव मैनोद्दीन. आपल्या निलंगा तालुक्यातल्या टाकळीचा, म्हणजे तुमच्या नदीपलीकडचा. पोलीस ॲक्शनच्या साली बाप त्याला घेऊन हैद्राबादला गेला, तिथून कराचीला. आई अंगावरच्या पोरीला घेऊन मागं राहिली. तिनं मागून यायचं ठरलं होतं. मग रस्तेच बंद झाले. तेव्हा तो मिसरूड न फुटलेला पोरगा होता, आता कानशिलं पांढरी झालीत. मराठी मात्र आपलं ते आपलंच, एक अक्षर हललेलं नाही. तो मला एवढंच म्हणाला, “अम्मा हाय का न्हाई, तेवढं कळलं तर बरं होईल.”

तिचं नाव जैनबी. अक्का, तू एकदा टाकळीला जाऊन येशील का? कशासाठी ते गावात कुणाला सांगू नकोस.

पोरांना गोड पापा. दाजींना जयभीम.

तुझा
लिंबाजी


मुंबई,
ता. २५ फेब्रुवारी १९७३

ती. अक्का आणि दाजी यांना सविनय जयभीम.

तू आणि जैनबी मावशी डिसेंबरात सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं तेव्हाच जीव भांड्यात पडला, उत्तराला मात्र उशीर झाला. कुर्डुवाडीला गाडी बदलताना त्या गर्दीत मावशीचा हात सुटला होता आणि तू फलाटावर तिच्या नावानं ओरडत पळालीस, हे लिहिताना दाजी किती हसले असतील. मी मजेत आहे. मागच्या कार्डात कळवलं तसं आता लालबागला उदगीरच्या रेवणप्पाच्या खोलीवर राहतो. तो गिरणीत आहे, स्वभावानं चांगला. यापुढचीही पत्रं त्याच्याच पत्त्यावर टाका.

अक्का, तुझ्यामुळं हे झालं. पहिल्यांदा तू टाकळीला गेलीस तेव्हा मावशीनं “माझं तिकडं कुणी न्हाई” म्हणत दार लावून घेतलं होतं. तिचंही खरं होतं. पोरगा पाकिस्तानी जहाजावर सापडला म्हटल्यावर पोलीस आधी नांदत्या लेकीच्या दारात उभे राहिले असते. पण तू परत तिच्या दारात गेली नाहीस. मग तीच खडीच्या कामावर तुझ्याशेजारी येऊन बसली आणि दगड फोडता फोडता तिनं विचारलं, “तो जेवतो का नीट?” हे तू सांगितलंस तेव्हाच मी ठरवलं होतं की तिला जहाजावर न्यायचं.

तुला गोदीच्या गेटाबाहेर थांबावं लागलं. आत काय झालं ते मावशीनं वाटेत सांगितलं नाही असं तू लिहितेस. तिला जमलं नसेल. मी सांगतो.

सफाईच्या बायकांची टोळी येते, तिच्यात मी तिला घातलं. टोळीची मुकादमीण नागुबाई माझ्या शब्दावर कबूल झाली. मावशी झाडू घेऊन वर चढली आणि डेक झाडत झाडत स्वयंपाकघरापर्यंत गेली. मैनोद्दीन दारातच उभा होता. ती त्याच्याकडं बघून पुढं निघून गेली. ओळखलंच नाही तिनं. पंधरा वर्षांचं पोर शोधत होती ती.

तो म्हणाला, “अम्मा.”

ती वळली नाही. आहे तिथंच उभी राहून तेवढीच जागा परत परत झाडत राहिली. मग म्हणाली, “बापासारखा दिसून राहिलास.”

मलप्पा तिथंच होता. तो कठड्याशी गेला आणि पाण्याकडं तोंड करून उभा राहिला. त्याला काय कळलं, किती कळलं, मी अजून विचारलेलं नाही.

मैनोद्दीननं तिला उंबऱ्यावर बसवून ताटात डाळभात वाढला. ती जेवली, तो उभा राहून बघत होता. लग्न झालंय, दोन मुली आहेत, थोरलीचं नाव तिच्याच नावावरनं ठेवलंय, हे त्यानं सांगितलं. मग तिनं नवऱ्याचं विचारलं. तो म्हणाला, “गेले. लई दिवस झाले.” एवढी वर्षं ती त्या माणसाच्या नावानं काचेच्या बांगड्या भरत होती, अक्का. तिनं त्या एकेक करून उतरवल्या आणि कठड्यावरून खाली सोडल्या. गेटाबाहेर आली तेव्हा तिचे हात मोकळे का, असं तू मला विचारलं होतंस. मी म्हटलं, कामात फुटल्या असतील. फुटल्या नव्हत्या.

निघताना तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. बस, तेवढंच.

आता तुझा दुसरा प्रश्न. पत्ता का बदलला. पहिल्यांदा वाटलं, लिहूच नये. पण कुणीतरी येऊन भलतंच सांगण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं.

ते कुणीतरी वर कळवलं. साहेबांनी मला बोलावलं. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, “बाई टोळीतून शिरली, तुला ठाऊक नव्हतं, एवढं लिहून दे. मुकादमिणीला काढतो, विषय मिटतो.” नागुबाईला मागंपुढं कुणी नाही, आणि ती माझ्या शब्दावर कबूल झाली होती. मी सांगितलं, बाई मी आणली, पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच. साहेबांनी उठून दार उघडलं. नंतर रीतसर चौकशी झाली. शत्रूपक्षाच्या माणसाशी संगनमत, असा ठपका ठेवला. माझी नोकरी गेली, अक्का.

तू दुसऱ्यांच्या रानात खुरपून मला मॅट्रिक केलंस. आपल्या घरातली ही पहिली सरकारी नोकरी. मला कॉल आला तेव्हा तू विहारात जाऊन मेणबत्ती लावलीस, हे सगळं मला माहीत आहे. म्हणूनच हे लिहायला हात धजत नव्हता. आता तू मनात आणशील, मीच त्या बाईला घेऊन गेले म्हणून भावाचं असं झालं. तसं अजिबात आणू नकोस. गाडीत तू बसवलंस, जहाजावर मी चढवलं. परत वेळ आली तर परत चढवीन.

जहाजाचाही निकाल लागला. सरकारजमा झालं. चहा आधीच लिलावात गेला होता, आता जुनं नाव खरवडून नवं रंगवतायत. अडकलेल्या माणसांना परत पाठवून राहिले. मैनोद्दीन गेला. मला आत सोडत नाहीत, म्हणून रस्त्यावरनंच गाडी जाताना बघितली. माझ्या नोकरीचं त्याला कळलेलं नाही.

मावशीलाही कळू देऊ नकोस. तिच्या वाट्याला एक दिवस आला, तो तिला निवांत आठवू दे.

दाजींनी रागावून पत्र लिहिलं तरी चालेल, पण लिहावं.

तुझा, सध्या रिकामा,
लिंबाजी


लातूर,
ता. ९ सप्टेंबर १९८२

ती. अक्का आणि दाजी यांना जयभीम.

निलंग्याच्या गाडीचा कंडक्टर मन्मथ ओळखीचा आहे, त्याच्याजवळ ही चिठ्ठी देतो. तू परवापासून रस्त्याकडं डोळे लावून बसली असशील. काळजी करू नकोस. मैनोद्दीन आलाय, माझ्याजवळ आहे, आम्ही दोघं धड आहोत.

उशीर झाला तो आपल्या नव्या जिल्ह्यामुळं. त्यानं कराचीत आईला भेटायला यायचा परवाना मागितला तेव्हा टाकळी उस्मानाबाद जिल्ह्यात होती, म्हणून कागदावर उस्मानाबादच आलं. ऑगस्टमध्ये आपला लातूर जिल्हा झाला. पाकिस्तानातून आलेल्यानं कागदावरच्या जिल्ह्यात हजेरी द्यायची असते, म्हणून तो उस्मानाबादला गेला, तर तिथले म्हणाले, टाकळी आता आमच्याकडं नाही. इथं आला, तर इथले म्हणतात, तुमचा कागद लातूरचा नाही. नव्या कचेरीत अजून खुर्च्या लागायच्यात, कुणाला काही विचारलं की वरून आदेश आलेला नाही म्हणतात. शेवटी तो कचेरीबाहेर माझ्या टेबलाशी येऊन बसला. मी गेली कितीतरी वर्षं दुसऱ्यांचे अर्ज टाईप करून राहिलो, पण हा टाईप करताना दोन कागद फाडून टाकले. मी लिहिलं, “गाव हललेलं नाही, जिल्हा हलला आहे.” तरुण साहेब आहेत. वाचून हसले आणि सही केली.

अर्ज आत गेल्यावर आम्ही चहा घेत बसलो होतो. त्यानं विचारलं, जहाजाची नोकरी कधी सोडलीत. मी काहीतरी उडवाउडवी केली. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, “अम्मा जहाजावर आली होती, त्याच्यापायी?”

मी हाव म्हटलं.

तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि माझ्या बाजूच्या बाकड्यावर बसला. संध्याकाळी मी भाकरी थापली, पिठलं त्यानं केलं. तुझ्यापेक्षा चांगलं करतो, हे तू मनाला लावून घेऊ नकोस.

उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही टाकळीला येतो. मावशीला आता दिसत नाही, हे मी त्याला आजच सांगितलं. मग म्हणाला, मग मीच आधी बोलतो.

म्हणून एवढं कर. तू आधीच टाकळीला जा आणि तिला अंगणात बाजेवर बसव. गावातली माणसं गोळा होतील, त्यांना जरा लांबच थांबव. पोरांना गलका करू देऊ नकोस. तिला त्याचा आवाज नीट ऐकू आला पाहिजे.

तुझा भाऊ लिंबाजी
आणि शेजारी बसलेला
टाकळीचा मैनोद्दीन