चपलांच्या मांडणीवरची वही

केलगेरी, धारवाड
शुक्रवार, दुपारची जेवणं झाल्यावर

चि. श्रीहरीस अक्काचे आशीर्वाद.

तुझा गुडघा, संगीताची ॲसिडिटी आणि दाजीबानपेठेतलं साड्यांचं दुकान, तिन्ही आपापल्या जागी ठीक असतील असं धरून चालते. इकडे मी उत्तम आहे. काळजीचं काही कारण नाही आणि मुद्दाम येण्याची तर मुळीच गरज नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तुला निवांत वाचता येईल.

तू पाठवलेली चामड्याची वही पोचली. हुबळीहून धारवाडला, कुरिअरने. (बस तासाभरात येते, हे आपलं माहितीसाठी.) आत तुझ्या हातची चिठ्ठी होती, अक्का रोज चार ओळी लिहीत जा, मन मोकळं होईल. हे गेल्यापासूनच्या नऊ महिन्यांत तुझ्याकडून आलेलं हे सगळ्यांत लांब वाक्य. तेराव्यापर्यंत तू इथून हलला नाहीस, आणि त्यानंतर एकदा फिरकला नाहीस. फोनवर जेवलीस का आणि बरी आहेस ना, एवढंच. मी रागावलेले नाही. वहीबद्दल लिहायला बसले आहे, वहीबद्दलच लिहिते.

तर ही वही म्हणजे एकच वही नव्हे, हे कळायलाच मला दोन दिवस लागले. बाहेर चामड्याचं आवरण, आत रबरी दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांत अडकवलेल्या तीन पातळ वह्या. एक भरली की काढून ठेवायची आणि नवी अडकवायची, आवरण मात्र जन्मभर तेच. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की चामडं अस्सल आहे. कुठल्या जनावराचं ते लिहिलेलं नाही, मीही चौकशी केली नाही. पण आपल्याकडे नवी वही देवापुढे ठेवून, हळदकुंकू वाहून, पहिल्या पानावर श्री काढल्याशिवाय कधी वापरली आहे का? आणि देवघरात चामडं न्यायचं कसं? ह्यांचा कमरेचा पट्टासुद्धा चाळीस वर्षं बाहेरच्या खुंटीवर राहिला. शेवटी मी आतली वही सोडवून देवापुढे ठेवली आणि आवरण बाहेर, जिथे घरातलं बाकीचं चामडं असतं तिथे, चपलांच्या मांडणीवर ठेवलं. आता यात माझं काय चुकलं सांग.

चुकलं ते असं की त्या वेळी लक्कव्वा केर काढायला आली. (तुला आठवते ना, ह्यांना अप्पा म्हणायची, आणि ते कोर्टातून आले की पाण्याचा तांब्या हातात द्यायची.) तिने मांडणीवर चामड्याची वस्तू पाहिली, तीही कोरडी ठणठणीत, आणि कोपऱ्यात पडलेली ह्यांची पॉलिशची डबी काढून, ह्यांच्याच ब्रशने ते आवरण दोन्ही बाजूंनी घासून काळंभोर करून ठेवलं. मी देवघरातून बाहेर आले तर बाई कौतुकाने बघत उभी. भाळ चलो आगेदरी अव्वारे, म्हणाली, म्हणजे फार छान झालंय. तू पाठवलेला तो मधासारखा रंग आता फक्त आतल्या बाजूला शिल्लक आहे. मी ते हातात घेऊन पाहिलं, तर माझ्या पांढऱ्या पातळाच्या निऱ्यांवर पाच काळी बोटं उमटली, ती अजून निघालेली नाहीत.

मी तिच्यावर ओरडणार होते रे. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात तो पॉलिशचा वास आला. रोज सकाळी साडेनऊला, कोर्टाला निघण्याआधी, पायरीवर बसून हे बूट पुसायचे तो वास. नऊ महिने ती डबी कुणी उघडली नव्हती. मी तिथेच मांडणीपाशी खाली बसले आणि रडले. तेराव्यापर्यंत माणसांना चहा देण्यात रडायचं राहून गेलं होतं. लक्कव्वाला वाटलं वही बिघडली म्हणून रडते आहे, तीही बिचारी रडायला लागली. मग दोघींनी चहा घेतला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा वहीत लिहिलं. आधी श्रीच्या खाली काही सुचेचना. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, स्वतःची कधी लिहिली नाही. लिहिलं ते एवढंच, पाणी आलं, दोडक्याची भाजी केली, पॉलिशचा वास आला. दुसऱ्या दिवशी पुढचं लिहायला वही उघडली आणि हात आपोआप लाल पेनाकडे गेला. दोडक्यावर फुली मारली (विषयांतर), तिसऱ्या ओळीखाली रेघ ओढून समासात ‘विस्तार करा’ लिहिलं आणि दहापैकी तीन गुण दिले. मग विस्तार करायला बसले, तर पान कोरंच राहिलं. त्याला शून्य. असं आठवडाभर चाललं आहे. वर्गात इतका ढ विद्यार्थी मला कधी भेटला नाही.

बाकी क्षेम. संगीताला आशीर्वाद.

तुझी,
अक्का (कुसुमावती)

ता.क. हे पत्र त्याच वहीच्या पानांवर लिहिलं आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. कोऱ्या पानाशी बोलता येत नाही, तुझ्याशी येतं. एका बैठकीत सहा पानं झाली. तपासली नाहीत.

ता.क. २. तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. व्हरांड्यात ह्यांची खुर्ची रिकामी बघवत नाही म्हणून. मलाही बघवत नव्हती. आता रोज दुपारी मीच त्या खुर्चीत बसते, हे पत्रही तिथेच बसून लिहिलं. समोरची तुझी खुर्ची मात्र रिकामी असते.

ता.क. ३. एक अडचण आहे. दहात चारपेक्षा कमी पडले की वहीवर घरच्या वडीलधाऱ्याची सही आणायची, हा माझ्या वर्गाचा नियम होता, आणि तो मी एकदाही मोडलेला नाही. आपले वडील गेले, आई गेली, आता हेही नाहीत. माहेरचा म्हणून उरलास तू, माझ्याहून सात वर्षांनी लहान असलास तरी. सही तुझीच लागणार. वही मी पाठवणार नाही. पालकाने स्वतः यायचं असतं.