लंकाआत्याचा अंदाज

एकलहरे कॉलनी, नाशिक
१७ एप्रिल १९८३

ती. लंकाआत्यास,
विमलचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत. सायखेड्याला ऊन फार आहे का? बरं, ते मरू दे. आत्या, आपल्या कादंबरीचा दुसरा भाग आला!

कॉलनीच्या वाचनालयात नव्या पुस्तकांचा गठ्ठा सुटला आणि मी झडपच घातली. बंद प्रयोगशाळेतून नाहीसे झालेले ते डॉक्टर आठवतात ना, दिवाळीत तू वाचून दाखवलेले? ते परत आलेत! बारा वर्षांनी, आणि एक केस पिकलेला नाही. बायको म्हणते हेच ते, मुलगी म्हणते हे नव्हेतच. वाचता वाचता दूध उतू गेलं. आईने धपाटा घातला, तोही धड कळला नाही.

परवा पुस्तक सापडेना. शोध शोध शोधलं, तर बाबांच्या डब्याच्या पिशवीत! पानांवर वीजकेंद्रातल्या कोळशाची बोटं. "रात्रपाळीला डोळा लागू नये म्हणून नेलं," म्हणाले. सहामाहीत मी विज्ञानात नापास झाले, तेव्हा "तुझ्या असल्या पुस्तकांनी पोरगी बिघडली" असं तुला बोलणारे हेच बाबा! तू भाऊबीजेलाही न थांबता एसटीने निघून गेलीस. तुला कुणी सांगितलं नसेल, पण भाऊबीजेला बाबा नवा सदरा घालून दुपारपर्यंत दारात बसले होते. जेवलेही नाहीत.

तुझा नियम मी पाळलाय. शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटायचं आणि प्रत्येकाने अंदाज सांगायचा. बाबा म्हणतात, "हा डॉक्टर माणूसच नाही, यंत्र आहे. रात्रपाळीला चहा नको म्हणणारा माणूस बघितलाय का कधी?" मी म्हणते, जुळा भाऊ. आई म्हणते, आधी जेवून घ्या.

मग मी शेवटचं प्रकरण उघडायला गेले, तर बाबांनी पुस्तक काढून घेतलं. "लंकाचा अंदाज राहिलाय," म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून बसले. आत्या, मला रडूच आलं. पुस्तक पुढच्या सोमवारी परत करायचंय. अंदाज पत्राने कळवू नकोस. तूच ये, मला तुझ्याशिवाय करमत नाही.

तुझीच,
विमल

ता. क. पेन बाबांनी मागून घेतलंय:
लंका, रागाच्या भरात बोललो. चुकलं माझं. शनिवारी सुट्टी घेतली आहे. नाशिक रोडच्या स्टँडवर सकाळपासून उभा राहतो. — दादा