ओसरीवरची बाटली

डिंगोरे,
ता. ४ फेब्रुवारी २००५

ती. हौशीरामदादा यांस,
धाकट्या कुशाचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण तो बाहेरच्या खोलीत आहे आणि बोलणं साऱ्या घराला ऐकू जातं. म्हणून कागद घेतला. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

आमच्या बचत गटाने गावातलं देशी दारूचं दुकान उठवायचं मनावर घेतलंय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पुढच्या महिन्यात मतदान आहे. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद होईल. मी पुढे आहे, म्हणून दुकानवाल्याचा मेव्हणा सावळेराम माझ्यावर टपलेला. तो कामाने तुमच्या बेल्ह्याला आला होता तेव्हा त्याने तुम्हाला ओसरीवर ग्लास घेऊन बसलेलं पाहिलं. आता पारावर सांगत फिरतो, की कुशाबाईचा सख्खा भाऊ विलायती पितो, आधी त्याची बाटली आडवी करा म्हणावं. तोंडावर कुणी बोलत नाही, पण दोघी जणी बैठकीला यायच्या थांबल्या.

दादा, मी तुम्हाला सोडा म्हणत नाही. म्हटलं तरी तुम्ही ऐकणार थोडेच. मतदान होईपर्यंत तेवढी बाटली कणगीत ठेवा आणि बसताना दार लावून घ्या. एवढं बहिणीसाठी करा.

ह्यांचं जेवण अलीकडे कमी झालंय, बाकी ठीक. माया आहे ती पातळ होऊ देऊ नका.

आपली,
कुशा


बेल्हे,
ता. ११ फेब्रुवारी २००५

चि. कुशा हिस,
दादाचे अ. आ.

पत्र पोचलं. वहिनीचे गुडघे चालत नाहीत, तोंड चालतं.

सावळेरामने पाहिलं ते खरं आहे. रविवारी धारा काढून झाल्या की दिवस मावळायच्या आत मी ओसरीवर बसतो. पोरगा भरत दुबईहून येताना वर्षाला एक बाटली आणतो. सिंगल माल्ट म्हणतात, म्हणजे एकाच भट्टीवर नुसत्या जवापासून काढलेली. त्या जातीतली ही सगळ्यात स्वस्त, हे पोराने लाजत सांगितलं. मला तिच्यात काही उणं वाटत नाही. दोन बोटं ओततो, माठातलं चमचाभर पाणी घालतो. आधी नुसता वास घेतो. हुरड्याच्या आगटीजवळ बसल्यागत धूर येतो आणि मागून काकवीचा गोडवा. भाजलेल्या शेंगांबरोबर तासभर पुरते. तुझी वहिनी शेजारी बसते, ह्याला दवाखान्याचा वास येतो म्हणते आणि माझ्या निम्म्या शेंगा संपवते. वीस वर्षं मिलिटरीची गाडी चालवली. आठवड्यातला हा एक तास माझा आहे, तो मी कुणाला देणार नाही.

आता कणगीचं. आपले आप्पा बाटली कुठं ठेवायचे, विसरलीस काय? गोठ्यातल्या कणगीत. आईला वाटायचं, सोडली. तू नऊ वर्षांची पोर, त्यांना हाताला धरून ओढ्यातून घरी आणायचीस, आणि आईला सांगायचं काय, तर पाय घसरला. आप्पांनी मला प्यायला नाही शिकवलं, लपवायला शिकवलं. तेवढं मी करणार नाही. ओतीन ती ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर. ज्या दिवशी दार लावून घ्यावंसं वाटेल, त्या दिवशी सोडीन.

तुमच्या गावातलं दुकान मात्र उठलंच पाहिजे. सावळेरामला सांग, माझा भाऊ पितो, विचारायचं ते त्यालाच विचार.

रागव हवं तर, पण पत्र टाकायचं बंद करू नकोस.

तुझा,
दादा


डिंगोरे,
ता. १५ मार्च २००५

ती. दादा यांस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तर दिलं नाही ते रागानेच. आणि तुम्ही न कळवता मतदानाआधीच्या पारावरच्या सभेला येऊन मागे उभे राहिलात. सावळेरामने बोट दाखवून तुम्हाला विचारलं, पिता की नाही ते सांगा. मला वाटलं, आता सगळं बुडालं. तुम्ही पुढे आलात आणि सांगितलंत, पितो, दर रविवारी, दोन बोटं. मला थांबता येतं ही माझी हुशारी नाही, नशीब आहे. माझ्या बापाला थांबता आलं नाही, आणि त्याला ओढ्यातून कोण आणायचं, आईला पाय घसरला म्हणून कोण सांगायचं, ते ह्या तुमच्या कुशाबाईला विचारा, असं म्हणालात. ती गोष्ट मी ह्या गावात कुणाला सांगितली नव्हती. मला तुमचा लई राग आला आणि रडूही आलं.

तुम्ही शेवटच्या गाडीसाठी निघून गेलात, त्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही. ठमाबाई उठली. तिचा मुलगा त्याच दुकानात कामाला, म्हणून ती कधी आमच्यात आली नव्हती. ती म्हणाली, की माझा नवरा बी पाय घसरूनच गेला, असं मी बारा वर्सं सांगत व्हते, आता न्हाई सांगणार. मग एकेक बाई बोलायला लागली. सावळेराम कधी निघून गेला ते कळलंही नाही.

परवा मतदान झालं. निम्म्याहून एकवीस मतं जास्त पडली. सील लागेपर्यंत आम्ही पाळीपाळीने दुकानाच्या दारात बसतोय. तुम्ही पिता ते मला आवडत नाही, आणि पुढेही आवडणार नाही. पण मला तुमच्याबद्दल कुणी विचारलं तर मान वर करून सांगेन.

आता आणखी एक. आमचे हे गेलं दीड वर्षं मागच्या दाराने त्या दुकानात जात होते. मला ठाऊक होतं आणि मी गप्प होते. त्या सभेला पारामागे उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं. काल जेवायला बसले आणि खाली बघत स्वतःहून सगळं सांगून टाकलं. मी वाढत राहिले. दारू सोडवायला नारायणगावच्या डॉक्टरांकडे जायला तयार झालेत. अट एकच घातली, की बरोबर मी नको, तुम्ही हवेत. म्हणाले, दादांपुढं खोटं बोलावं लागणार न्हाई.

गुरुवारी सकाळच्या एसटीने या. आम्ही दोघं वाट बघतोय.

तुमची,
कुशा